घरामागे एक मत



दिवाळीच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलापाशी झालेले एक बोलणे आधी सांगते आणि मग मुख्य विषयाकडे वळते. येत्या वार्षिक सभेपुढे मंडळाच्या घटनेत दुरुस्ती करणारा एक ठराव यायचा आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच. सध्या आपल्याकडे कुटुंब-सभासदत्व घेतले की त्या कुटुंबाला मिळून एक मतपत्रिका मिळते. कुटुंबातल्या अठरा वर्षांवरील प्रत्येकाला स्वतंत्र मत असावे, असा तो ठराव आहे. ताटलीत चकल्या मांडता मांडता एक मैत्रीण म्हणाली, "अगं, हे नवीन कशाला काढलंय? आमच्या घरात दोघांचं एकच मत असतं." तिचे यजमान शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "आणि ते कोणाचं असतं, तेवढं मात्र विचारू नका!" सगळे हसले. मीही हसले.

घरी येताना १०१ वर नेहमीसारखी गाडी रखडली, तेव्हा डोक्यात तेच घोळत होते. "घरात एकच मत" हे वाक्य आपण कुठेतरी वाचले आहे, असे सारखे वाटत होते. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन जुनी पुस्तके चाळली आणि उलगडा झाला. बायकांना मताचा हक्क नको म्हणणाऱ्यांचे सर्वांत आवडते कारण हेच होते. घराला मत आहे, ते घरधनी देतो, त्यात बायकोचे आलेच; मग तिला वेगळे कशाला? हे कारण अमेरिकेत दिले गेले तसेच आपल्याकडेही दिले गेले. आणि ज्या बायकांनी ते खोडून काढले त्यांतल्या काही अगदी आपल्या शेजारच्या निघाल्या. म्हणून हा लेखनप्रपंच.

सनीव्हेलच्या मर्फी अ‍ॅव्हेन्यूवर जेवायला आपण सगळेच जातो. तो मर्फी म्हणजे मार्टिन मर्फी. सिएराच्या डोंगरातून कॅलिफोर्नियात पहिल्यांदा गाड्या आणणारा जो पन्नासेक माणसांचा तांडा १८४४ साली निघाला, त्यात हे मर्फी कुटुंब होते. पुढे त्यांनी इथे मोठी जमीन घेतली आणि त्याच जमिनीवर आपले गाव वसले. त्याच तांड्यात सारा नावाची एकोणीस वर्षांची एक विवाहित मुलगी होती. तिची हकीगत आपल्या एखाद्या सामाजिक नाटकात शोभेल अशी आहे. पहिला नवरा बंदुका दुरुस्त करणारा. तो जहाजाने हवाई बेटांकडे गेला तो परत आलाच नाही. दुसरा सॅन फ्रान्सिस्कोतला प्रतिष्ठित व्यापारी, महापौरपदाला उभा राहण्याच्या बेतात. तेवढ्यात १८५१ साली उघडकीला आले की त्याचे नावच खोटे, तो पूर्वेकडून बँकेचा पैसा घेऊन पळालेला आणि तिकडे त्याची बायकामुले आहेत! तिसरे लग्न जोसेफ वॉलिस यांच्याशी झाले, ते मात्र सुखाचे ठरले. मेफील्ड येथे, म्हणजे आजच्या पालो अल्टोच्या बॅरन पार्क भागात, या सारा वॉलिसनी मोठा मळा घेतला आणि घर बांधले. १८७० साली कॅलिफोर्नियातल्या पहिल्या राज्यव्यापी स्त्री-मताधिकार संस्थेच्या अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. राज्यातले आणि देशातले पुढारी त्यांच्या घरी उतरत. घर आता नाही. जागेवर राज्य सरकारची स्मृतिपाटी आहे. आपल्यापासून गाडीने जेमतेम पंधरा मिनिटे.

इंग्लंडहून इकडे आलेल्या कायद्यात लग्न झाले की नवरा-बायको मिळून एक व्यक्ती, आणि ती एक व्यक्ती म्हणजे नवरा. कॅलिफोर्नियाने स्पॅनिश रिवाज धरून १८४९ च्या घटनेतच बायकोची स्वतःची मालमत्ता मानली होती, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. म्हणजे शेत बाईच्या नावावर असू शकते, त्यावरचा कर बाई भरू शकते, पण तो कर किती असावा हे ठरवणाऱ्याला निवडून देणे तिच्या हाती नाही. सारा वॉलिसना "घराचे मत घरधनी देतो" असे कोणी सांगितले असेल, तेव्हा त्यांनी मनात काय म्हटले असेल याची मी कल्पना करते. कोणता घरधनी? हवाईला गेलेला, की खोट्या नावाचा?

सान होजेच्या क्लारा फोल्ट्झ यांचीही तीच गत. पाच मुले पदरात टाकून नवरा निघून गेला. पोट भरायला वकिली करावी म्हटले तर कॅलिफोर्नियाच्या कायद्यात वकील फक्त गोरा पुरुष होऊ शकत होता. बाईंनी काय करावे? तो कायदाच बदलणारे विधेयक स्वतः लिहिले, १८७८ साली सॅक्रामेंटोला जाऊन ते मंजूर करून घेतले आणि त्याच वर्षी वकील झाल्या. संपूर्ण पश्चिम किनाऱ्यावरची पहिली स्त्री वकील! वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, १९३० साली, त्या गव्हर्नरपदासाठीही उभ्या राहिल्या होत्या. निवडून आल्या नाहीत, पण उभ्या राहिल्या.

आता गंमत अशी, की हे सगळे चालू असताना आपली एक मराठी बाई या देशात हिंडत होती, वही-पेन्सिल घेऊन.

पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला उतरल्या त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. ती गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत वाचली आहे. पुढचे फारसे कोणी सांगत नाही. रमाबाई इथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. गावोगाव व्याख्याने देत पूर्वेकडून पश्चिमेकडे आल्या. १८८८ च्या वसंतात वॉशिंग्टनला सुझन अँथनी वगैरे पुढारी बायकांनी आंतरराष्ट्रीय स्त्री परिषद भरवली होती. सेनेका फॉल्स या गावी १८४८ साली बायकांच्या हक्कांची पहिली सभा झाली होती, तिला चाळीस वर्षे झाल्याचे निमित्त. त्या व्यासपीठावर रमाबाई बोलल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून जपानमार्गे परतीची बोट धरली. नऊवारीतली ती बाई त्या बंदरावर उभी आहे, आणि चाळीस मैलांवर मेफील्डला सारा वॉलिस आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दोघींची भेट झाली असे माझ्या वाचनात नाही. झाली असती तर फार बरे झाले असते.

परत गेल्यावर रमाबाईंनी १८८९ साली मराठीत पुस्तक काढले: 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. अमेरिकेतल्या बायकांची शिक्षणे, नोकऱ्या, त्यांच्या संस्था, कायद्यापुढचे त्यांचे स्थान यांवर त्यात मोठे प्रकरण आहे. म्हणजे कॅलिफोर्नियातल्या बायकांना मत मिळण्याच्या बावीस वर्षे आधी मुंबई-पुण्यातल्या वाचकाला या चळवळीची खबर मराठीतून मिळाली होती. इंग्रजी वाचकांना या पुस्तकासाठी मीरा कोसंबींच्या २००३ सालच्या भाषांतरापर्यंत थांबावे लागले. आपल्या मुलांना मराठीत "काय आहे वाचण्यासारखे" असे जेव्हा वाटते, तेव्हा हे पुस्तक हातात द्यावे. भाषा थोडी जुनी आहे, पण ज्या देशात ही मुले जन्मली त्याचेच वर्णन आहे.

रमाबाई स्वतः विधवा होत्या. चोविसाव्या वर्षाच्या आतच वैधव्य आले आणि पदरात मनोरमा. मुंबईला चौपाटीवर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन उघडले तेही विधवांसाठी. घराला एक मत, ते घरधन्याने द्यायचे, या हिशेबात विधवा बसतच नाही. सोडलेली बसत नाही, लग्न न केलेली बसत नाही. हिशेब मांडणाऱ्यांना हे दिसत नव्हते असे नव्हे. अशा बायका मोजायच्याच नाहीत, असे गृहीत होते.

कॅलिफोर्नियात हा प्रश्न पहिल्यांदा सार्वमताला टाकला गेला १८९६ साली. सुझन अँथनी शहात्तर वर्षांच्या होत्या. तशा वयात त्या प्रचारासाठी इकडे येऊन गावोगाव हिंडल्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या दारूच्या व्यापाऱ्यांनी मात्र गुत्तेवाल्यांना, किराणावाल्यांना पत्रे धाडली, की बायकांना मत मिळाले तर तुमचा धंदा बुडेल. ठराव सुमारे २७ हजार मतांनी पडला. सारा वॉलिस १९०५ साली वारल्या. एकही मत न देता.

दुसरी संधी आली १० ऑक्टोबर १९११ ला. या वेळचा प्रचार वाचून मला आपल्या गणेशोत्सवाच्या तयारीची आठवण झाली! पिवळा रंग ठरवलेला. पिवळ्या फिती, पिवळी भित्तिपत्रके. मोटारगाड्या नुकत्याच आलेल्या, त्यांत बसून बायका खेड्यापाड्यांत जायच्या आणि गाडी पाहायला माणसे जमली की तिथेच भाषण सुरू करायच्या. 'इक्वॅलिटी टी' नावाने चहाच्या पुड्या विकून पैसे उभे केले. (आपल्या कार्यकारिणीने या कल्पनेचा विचार करावा. दरवर्षी वडापावच का?) दारूवाल्यांना जाग येऊ नये म्हणून शहरापेक्षा गावांवर जोर दिला. पदवीधर बायका, कामगार बायका, चर्चच्या बायका, एरवी एकमेकींशी पटत नसलेल्या, एका कामाला लागल्या.

मतदान झाले मंगळवारी. दुसऱ्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या पेपरांनी ठराव पडला असे छापून टाकले. शहरात तो तेरा हजारांहून अधिक मतांनी पडलाच होता, पलीकडे ओकलंडनेही नाही म्हटले. बायका मोजणीच्या ठिकाणी पहारा देत बसल्या. मग दूरच्या गावांचे, मळ्यांचे, खोऱ्यांचे आकडे हळूहळू यायला लागले. जर्दाळू आणि प्रून पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची मते. आकडा रोज थोडा थोडा सरकत गेला. शेवटी बाजूने १,२५,०३७ आणि विरुद्ध १,२१,४५०. फरक ३,५८७ मतांचा. राज्यातल्या मतदान केंद्रांवर हा फरक वाटला तर केंद्रामागे सरासरी एक मत पडते.

केंद्रामागे एक मत! "आपल्या एका मताने काय होणार" असे म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगत असते. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही सव्वा लाख मते सगळी पुरुषांची होती. बायकांना या प्रश्नावर मत नव्हतेच. तोच तर प्रश्न होता.

आपले सनीव्हेल शहर म्हणून नोंदले गेले ते २४ डिसेंबर १९१२ रोजी. म्हणजे या नगरपालिकेची एकही निवडणूक अशी झालेली नाही की ज्यात बायकांना मत नव्हते. १९२४ साली एडविना बेनर इथल्या महापौर झाल्या. कॅलिफोर्नियातल्या त्या दुसऱ्याच स्त्री महापौर मानल्या जातात. पर्शियन ड्राइव्हवर त्यांच्या नावाची नवी वसाहत आहे. तिच्यावरून जाताना आता नाव वाचाल. अख्ख्या देशात बायकांना मत मिळाले ते १९२० सालच्या १९ व्या घटनादुरुस्तीने. दक्षिणेतल्या काळ्या स्त्री-पुरुषांना ते प्रत्यक्षात वापरता यायला १९६५ चा कायदा यावा लागला.

पण इथवर वाचून "चला, १९११ ला प्रश्न सुटला" असे कोणी समजू नये. विशेषतः आपण, बाहेरून आलेल्यांनी. एथेल मॅकेन्झी नावाच्या बाईंची गोष्ट ऐका. जन्म कॅलिफोर्नियातला, राहणे सॅन फ्रान्सिस्कोत, १९११ च्या प्रचारात भाग घेतलेला. मत मिळाल्यावर १९१३ साली हौसेने नाव नोंदवायला गेल्या तर कारकुनाने सांगितले, तुम्ही अमेरिकन नाही! कारण १९०९ साली त्यांनी एका स्कॉटिश गायकाशी लग्न केले होते आणि १९०७ च्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन बाई नवऱ्याच्या देशाची होऊन जात असे. घरातून बाहेर पाऊल न टाकता बाई परदेशी! त्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. न्यायालयाने १९१५ साली निकाल विरुद्ध दिला; नवरा आणि बायको यांचे एकत्व हे फार जुने तत्त्व आहे, असा त्याचा सूर होता. पुन्हा तेच. घर एक, म्हणून मत एक, म्हणून देशही एक.

हा कायदा १९२२ साली सुधारला, पण त्यात मेख ठेवली. ज्याला नागरिकत्व मिळूच शकत नाही अशा माणसाशी, म्हणजे आशियाई माणसाशी, लग्न केले तर बाईचे नागरिकत्व जायचे ते जायचेच. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने "गोरा" नाही, सबब त्याला नागरिकत्व नाही. झाले, हिंदी माणसांशी लग्न केलेल्या अमेरिकन बायका एका फटक्यात परदेशी ठरल्या. ही मेख निघाली १९३१ साली. हिंदी माणसांना नागरिक होता येऊ लागले ते १९४६ पासून. म्हणजे १९११ साली कॅलिफोर्नियातल्या बायकांना मत मिळाले खरे, पण आपल्यासारखी एखादी इथे राहत असती तर तिला आणखी पस्तीस वर्षे थांबावे लागले असते. इथेच जन्मलेल्या चिनी मुलीचे वेगळे होते: सॅन फ्रान्सिस्कोच्या टाय लिऊंग यांनी १९१२ साली मत दिले. मत देणारी ती पहिली चिनी वंशाची अमेरिकन बाई.

आता आपल्या देशात काय चालले होते ते पाहू. मत मागणाऱ्या हिंदी बायकांचे शिष्टमंडळ सरोजिनी नायडूंच्या पुढाकाराने १९१७ च्या डिसेंबरात मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंना भेटले. विलायतेहून आलेल्या साउथबरो समितीने १९१९ साली नकार दिला. हिंदुस्थानातल्या बायकांची स्थिती अजून त्याला योग्य नाही, असे तिचे मत पडले. मुंबईहून हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे बोलल्या. शेवटी पार्लमेंटने हात झटकले: प्रांतांनी आपापले ठरवावे. मद्रासने आणि पाठोपाठ मुंबई इलाख्याने १९२१ साली बायकांना मत दिले. या शेवटच्या टप्प्यात पुण्याच्या रमाबाई रानडे होत्या. साठीच्या घरात आलेल्या, सेवासदन चालवणाऱ्या. त्याआधी एकच वर्ष पुण्याच्या नगरपालिकेने सक्तीचे शिक्षण मुलांपुरते ठेवू नये, मुलींनाही द्यावे म्हणून बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, त्यांच्याही पुढे रमाबाईच. न्यायमूर्तींच्या पत्नी म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते गेल्यावर तेवीस वर्षे रमाबाई एकट्याने काम करीत होत्या, हे मात्र आपल्या ध्यानात राहत नाही.

१९२१ चे हे मत मालमत्तेवर अवलंबून होते. ज्याच्या नावावर घर-जमीन, कर, त्याला मत. पुरुषांनाही तीच अट होती, पण बायकांच्या नावावर होतेच काय? म्हणून मूठभरच बायका यादीत आल्या. १९३५ च्या कायद्याने यावर तोड काढली ती अशी: नवऱ्याची मालमत्ता पुरेशी असेल तर त्याच्या बायकोलाही मत. सुमारे ६० लाख बायका मतदार झाल्या. पण पाहा, मत आले तेही नवऱ्याच्या वाटेने. अखिल भारतीय महिला परिषदेच्या बायकांना हे मुळीच मान्य नव्हते. त्यांना सरळ प्रौढ मताधिकार हवा होता. तो आला स्वतंत्र भारताच्या घटनेने, स्त्री-पुरुष सगळ्यांना एकाच दिवशी. या बाबतीत अमेरिकेपेक्षा आपला देश सरळ वागला, हे इथे जन्मलेल्या मुलांना जरूर सांगावे.

आणि तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत काय झाले? यादी करणारे घरोघर गेले तेव्हा उत्तरेकडे विशेषतः पुष्कळ बायकांनी नावच सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, असे लिहिले गेले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की स्वतःचे नाव नसेल तर मतदार नाही. सुमारे २८ लाख नावे गाळली गेली. तेव्हा ते कठोर वाटले असेल, पण पुढच्या वेळी बायका नावे सांगू लागल्या.

आमच्या घरात याची एक उलटी कथा सांगतात. माझ्या आजीकडे शाळामास्तर यादी करायला आले. तिने स्वतःचे नाव ठणठणीत सांगितले. मास्तरांनी विचारले, पतीचे नाव? आजी गप्प! नवऱ्याचे नाव कसे घ्यायचे? उखाण्यात घेतले असते, पण मास्तरांपुढे उखाणा कुठे घेणार? शेवटी शेजारच्या मुलाला हाक मारून त्याच्याकडून वदवले. आजी पुढे प्रत्येक निवडणुकीला शाईचे बोट दाखवत घरी यायची. कोणाला मत दिले हे मात्र आजोबांनाही सांगायची नाही.

मी तिच्याइतकी धीट नव्हते, हे कबूल करते. १९८६ साली मी इथे आले, नागरिक झाल्यावर १९९६ च्या निवडणुकीत पहिल्यांदा मत दिले. आमच्या गल्लीतल्या एका घराच्या गॅरेजमध्ये मतदान होते. मी ह्यांना विचारून चिठ्ठीवर सगळे लिहून नेले होते. अध्यक्षापासून पाणीवाटप मंडळापर्यंत! पुढची कैक वर्षे तसेच चालले. मग शाळांसाठी जादा कर बसवायचा एक प्रस्ताव आला. मी मराठी शाळेत शिकवत असे, इथल्या शाळेतही मदतीला जात असे. वर्गात काय कमी आहे ते मला दिसत होते. मी 'हो' म्हणणार होते. हे म्हणाले, मी 'नाही'. वर हिशेब सांगितला: अशा कराला दोन तृतीयांश मते लागतात, म्हणजे माझे एक 'नाही' तुझ्यासारखी दोन 'हो' खाते, कशाला उगाच गाडी काढतेस? मी गाडी काढली. त्या रात्री जेवताना आम्ही दोघे फारसे बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोललो, खूप बोललो, आणि तेव्हा मला कळले की इतकी वर्षे आमच्या घरात "एकच मत" होते, कारण दुसरे कोणी विचारले नव्हते. मीही नव्हते विचारले.

मंडळातल्या ठरावाला विरोध करणाऱ्यांचे काही मुद्दे रास्त आहेत, ते मी उडवून लावत नाही. वर्गणी कुटुंबामागे घेतो. मग एकट्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याला एक मत आणि चार प्रौढांच्या घराला चार, हे त्याच्यावर अन्यायाचे नाही का? सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांनी मत द्यावे का? यावर सभेत बोलणे व्हायला हवे, वर्गणीची रचनाही बदलावी लागेल. पण "बायका काय, नवऱ्याला विचारूनच देणार" हा मुद्दा मात्र कोणी मांडू नये. तो फार जुना आहे आणि मेफील्डच्या सारा वॉलिसनाही तो ऐकून कंटाळा आला असेल. शिवाय आपल्या सभासद-यादीत "श्री. व सौ." असे लिहून पुढे नाव एकाचेच छापण्याची पद्धत आहे. हॉल लावणे, दोनशे माणसांचा स्वयंपाक, मुलांची नाटके, हिशेब, हे सगळे जिच्या जिवावर चालते तिचे नाव यादीत शोधायला गेलात तर सापडत नाही. ठरावात नाही, पण हेही बदलावे अशी माझी सूचना आहे.

आमच्या घरी सरकारी मतपत्रिका टपालाने येतात त्या दोन पाकिटांत, दोघांच्या नावाने, दोन सह्यांच्या जागा ठेवून. मंडळाचे पाकीट येते ते एक. आणि नियम बदलेपर्यंत जुनाच नियम, तेव्हा या ठरावावरही घरटी एकच मतपत्रिका येणार आहे. पाकीट आले की ती कोणी भरायची, यावर आमच्याकडे आताच चर्चा सुरू झाली आहे. ह्यांचे म्हणणे, नाणे उडवू या. मी म्हटले, नाणे माझ्या पर्समधले.